भिंतीवर मक्का, आणि भोर कुठंच नाही

भोर-वेल्ह्याचे फोटो म्हणून जे आपल्या मोबाइलवर येतात, ते साधारण पाच-सहा जागांचेच असतात. भोरचा राजवाडा, भाटघरचं धरण, ढगांत अर्धा बुडालेला तोरणा, राजगडाची संजीवनी माची, मढे घाटातला धबधबा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले आले, त्यांत राजगड आहे. त्यामुळं इकडं येणारे कॅमेरे आता आणखी वाढतील. वाढू देत. या जागा सुंदर आहेत आणि त्यांचा अभिमान मलाही आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की या सगळ्या फोटोंत भोर हे गाव कुठं आहे?

भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थान गेलं, तरी वाड्याभोवती वसलेलं गाव राहिलं. कुठल्याही राजधानीत राजा एक असतो आणि त्याच्या वाड्याभोवती कारकून, सोनार, शिंपी, कासार, अत्तार, तांबोळी, शिकलगार असे शेकडो लोक असतात. आज राजवाड्याच्या लाकडी खांबांचे आणि चौकांचे हजारो फोटो आहेत, सिनेमावाल्यांनी तर त्याला राज्यभर पोहोचवलं. त्या शेकडो लोकांच्या आळ्यांचे फोटो मात्र मागायला गेलं तर लग्नाच्या अल्बमात, वरातीच्या मागं, चुकून आलेले सापडतात.

मी फोटोग्राफर नाही. हातात फोन आहे आणि गेली काही वर्षं भोरला गेलो की एखाद्या गच्चीवरून गावाचे फोटो काढतो, एवढंच. वरून पाहिलं की भोर एकसंध दिसतं. थोडी शिल्लक राहिलेली काळपट कौलं, त्यांच्यामध्ये घुसलेले सिमेंटचे स्लॅब, निळे पत्रे, काळ्या टाक्या, देवळाचं शिखर, मशिदीचा मिनार, मोबाइलचा टॉवर, आणि मागं रोहिड्याचा डोंगर. कुणी मुद्दाम मांडलेलं नसतं, पण सगळे एका ओळीत उभे असतात. एकोप्यावर भाषण करायला आपल्याकडं पुष्कळ लोक तयार असतात. मला त्या भाषणांपेक्षा ही ओळ जास्त खरी वाटते, कारण तिच्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. घराला घर लागून आहे, म्हणून माणसं शेजारी आहेत.

असाच एक फोटो मी एका ग्रुपवर टाकला. एका स्नेह्यानं, अगदी सहजपणे, तो "साफ" करून परत पाठवला. हल्लीच्या फोनमध्ये सोय असते, नको ते बोटानं पुसलं की जातं. विजेच्या तारा गेल्या, टाक्या गेल्या, मोबाइलचा टॉवर गेला आणि त्याबरोबर मिनारही गेला. मागं डोंगर छान उठून दिसत होता. त्या माणसाच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांना मिनार हा तारेसारखाच अडथळा वाटला, इतकंच. पण द्वेषानं पुसलं असतं तर भांडता तरी आलं असतं. नीटनेटकेपणासाठी पुसलेल्या गोष्टीबद्दल भांडायचं कसं?

इथं आपण आपल्याही घरात डोकावून बघायला हवं. आपल्याकडं फोटोचा मामला जुना आहे. जिवंत प्राण्याची तसवीर काढावी की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद झाले आणि अजूनही आहेत. पण इमारती, झाडं, डोंगर यांच्याबद्दल तेवढी अडचण कधीच नव्हती. हजरत इब्न अब्बास यांनी एका चित्रकाराला, काढायचंच असेल तर झाडाचं किंवा निर्जीव वस्तूचं चित्र काढ, असा सल्ला दिल्याची रिवायत सहीह बुखारीत आहे. दमास्कसच्या उमय्या मशिदीत आठव्या शतकाच्या सुरुवातीचं मोझेकचं काम आहे. त्यात नदी आहे, झाडं आहेत, घरं आणि महाल आहेत, माणूस एकही नाही. म्हणजे शहराचं चित्र मशिदीच्या भिंतीवरही चाललं होतं.

आपल्या घरांच्या भिंतीवरही शहराचं चित्र होतंच. काबा आणि मदिनेचा हिरवा घुमट. दादा-दादीचा फोटो लावावा की नाही यावर घरात कुरबूर व्हायची, पण मक्का-मदिनेच्या कॅलेंडरवर कधी वाद झाला नाही. ज्या शहरात घरातलं कुणीही अजून गेलेलं नव्हतं, त्याचा फोटो रोज डोळ्यांसमोर असे. ज्या गावाच्या कब्रस्तानात पणजोबांपासूनची माणसं झोपली आहेत, त्या गावाचा एक फोटो घरात नसे. मक्केवरचं प्रेम कमी करा असं कोण म्हणेल? पण त्या चौकटीशेजारी आपल्या गल्लीसाठी एक खिळा ठोकायला जागा होती.

मक्केच्या फोटोंचा इतिहासही हेच सांगतो. मुहम्मद सादिक बे नावाच्या इजिप्तच्या लष्करी अभियंत्यानं १८६१ मध्ये मदिनेचे आणि १८८० च्या सुमारास मक्केचे फोटो काढले. ते तिथले सर्वांत जुने फोटो समजले जातात. जुन्या फोटोंत हरमभोवती दाटीनं उभी असलेली घरं दिसतात. डोंगरावर तुर्कांनी अठराव्या शतकात बांधलेला अजयाद किल्ला होता. २००२ मध्ये तो पाडला आणि आज त्या जागी प्रचंड घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत उभी आहे. किल्ला बघायचा तर आता जुने फोटोच बघावे लागतात. जगातल्या सगळ्या मुसलमानांनी ज्या शहराकडं तोंड करून नमाज पढायची, त्या शहराची जुनी वस्ती जर फोटोंतच उरते, तर आपल्या पेठेचा काय पाड!

आपल्या भागाला हे नवीनही नाही. भाटघरचं धरण १९२० च्या दशकात झालं आणि वेळवंडीच्या खोऱ्यातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबऱ्याचं दगडी देऊळ बाहेर येतं, लोक लांबून फोटो काढायला जातात. देऊळ दगडाचं, म्हणून टिकलं. त्याच्या आसपासची मातीची घरं विरघळून गेली. पुजाऱ्याचं, मुलाण्याचं, महाराचं, कुणब्याचं घर नेमकं कुठं होतं, हे गाळ सांगत नाही. वेल्हे तालुक्यातलं पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पुण्यातल्या कितीतरी घरांत जुने फोटो मागितले की "पुरात गेले" एवढंच उत्तर मिळतं. एका दिवसात घरही गेलं आणि ते कसं दिसत होतं याचा पुरावाही गेला.

पुरावा हा शब्द मी मुद्दाम वापरला. आजकाल कागदांच्या गोष्टी फार निघतात. कुणाची घरं किती जुनी, कोण कधी आलं, कुणाचं काय बेकायदा. अशा वेळी एखाद्या जुन्या फोटोत आपलं दार, शेजाऱ्याचं दार आणि दोघांमधली सामाईक भिंत दिसली, तर कागदात नसलेलं बरंच काही त्यातून कळतं. कोर्टात त्याची किंमत किती हे वकील सांगतील. नातवंडांसाठी मात्र तो सातबाऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे.

नावांचंही असंच. तोरण्याला शिवाजी महाराजांनी प्रचंडगड म्हटलं, औरंगजेबानं किल्ला घेतल्यावर फुतूहुल्गैब म्हटलं. वेल्ह्यातली म्हातारी आजही तोरणाच म्हणते. भाटघरच्या धरणाला इंग्रजांनी गव्हर्नर लॉइडचं नाव दिलं, पुढं जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आलं. लोक भाटघरच म्हणतात. आता वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी राजगड झालं आहे. राजगडाचं नाव तालुक्याला मिळालं याचा आनंदच आहे. पण एसटीच्या पाटीवरचं, शाळेच्या कमानीवरचं, दुकानाच्या फळीवर हातानं रंगवलेलं "वेल्हे" आता हळूहळू उतरेल. ते उतरायच्या आत कुणीतरी टिपून ठेवलं पाहिजे. वेल्हं काही शहर नाही, तोरण्याच्या पायथ्याचं छोटं बाजाराचं गाव. तिथं कॅमेरा आपोआप वर गडाकडं वळतो. तो थोडा खाली, चहाच्या टपरीकडंही वळावा.

हे सगळं म्हणायला सोपं आहे, हे मला ठाऊक आहे. दाढीवाला माणूस रस्त्यात उभा राहून फोटो काढायला लागला की "काय काढताय? नाव काय तुमचं?" हे प्रश्न येतात. नाव सांगितलं की पुढचे दोन प्रश्न वाढतात. आणि आपल्या मोहल्ल्यात शिरून फोटो काढायला लागलं तर तिथंही दार अर्धं बंद होतं. "क्यूं निकाल रहे, नोटीस आनेवाली क्या?" पहिला संशय दुखावतो, दुसरा जास्त दुखावतो. ज्यांना फोटो म्हटलं की आधी सर्व्हे आठवतो, त्यांच्या आयुष्यात कॅमेरा बहुतेक वेळा सरकारच्याच हातात आला असणार. तो घरच्या माणसाच्या हातात यायला हवा, म्हणजे ही भीती कमी होईल.

एक आक्षेप मात्र योग्य आहे. जुन्या घरांचे गोडवे तेच गातात जे त्यात राहत नाहीत. कौलं गळतात, भिंतींना ओल येते, संडास लांब असतो. ज्याला स्लॅब टाकायचा आहे त्यानं खुशाल टाकावा. कुणाचं घर आपल्या आठवणींसाठी पडकं राहावं असं म्हणण्याचा कुणालाच हक्क नाही. फोटोचा फायदा असा, की तो घराला अडवून धरत नाही. पाडायच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं दिली तरी पुरतात.

म्हणून माझं सांगणं अगदी साधं आहे. ईदला, उरुसाला, लग्नाला गावी जाल तेव्हा बिर्याणीच्या आणि सेल्फीच्या फोटोंबरोबर आपल्या गल्लीचाही एक फोटो काढा. तारांसकट, टाक्यांसकट, समोरच्या मारुतीच्या देवळासकट. काहीही पुसू नका. शक्य असेल तर दर वर्षी त्याच जागेवरून काढा. दारात बसलेल्या म्हाताऱ्या चाचांना आणि शेजारच्या काकूंना विचारून घ्या, त्या घराच्या जागी आधी काय होतं, पाणी कुठून भरायचे, पहिलं दुकान कुणाचं. ते फोटोखाली तारखेसकट लिहून ठेवा, कारण नाव-तारीख नसलेला फोटो वीस वर्षांनी घरच्यांनाही ओळखू येत नाही. मग त्यातला एक कागदावर छापून घ्या. फोन बदलला, बिघडला की आतलं सगळं जातं. कागद पेटीत तरी राहतो.

गडांचे फोटो जग काढतच राहील. आपल्या गल्लीचा फोटो आपल्याशिवाय कोण काढणार?