मधुमेह्याने सँडविच खावे का?

मधुमेहाचे निदान झालेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण पहिला प्रश्न विचारतो तो असा : ‘डॉक्टर, काय काय बंद करू?’ या प्रश्नाचे उत्तर देणे डॉक्टरला फार सोपे असते. औषधांच्या चिठ्ठीच्या तळाशी चार शब्द लिहिले की काम झाले. अशाच चार शब्दांनी काही वर्षांपूर्वी मला एक धडा शिकवला. आज त्याविषयीच लिहितो आहे.

बँकेत अधिकारी असलेले एक गृहस्थ मधुमेहासाठी बरीच वर्षे माझ्याकडे येत असत. वय छप्पन, कचेरी मुंबईत फोर्टमध्ये आणि घर डोंबिवलीला. सकाळी डबा घेऊन निघायचे, ते रात्री आठच्या सुमारास परतायचे. एका तपासणीत त्यांचे एचबीएवनसी ८.४ आले. हा आकडा गेल्या साधारण तीन महिन्यांतील रक्तशर्करेचा अंदाज देतो आणि बहुतेक रुग्णांमध्ये तो ७ च्या आत असावा अशी अपेक्षा असते. मी आहाराची चौकशी केली. ‘बाकी सगळं पथ्याचं असतं, पण संध्याकाळी साडेपाचला कचेरीखाली एक सँडविच खातो,’ ते संकोचून म्हणाले. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘रोज खातात हो डॉक्टर! सांगून सांगून थकले मी.’ मी चिठ्ठीवर लिहिले, ‘मैदा, ब्रेड, बेकरी बंद’ आणि त्याच भेटीत ग्लिमेपिराइड या गोळीची मात्रा वाढवली.

गृहस्थ आज्ञाधारक. त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून सँडविच सोडले. मात्र त्याच्या जागी काय खायचे, हे मी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. दुपारी एकचे जेवण आणि रात्री साडेआठचे जेवण यांच्यामध्ये पोटात काहीच जाईनासे झाले. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी लोकलमध्ये त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, शेजारचा माणूस काय बोलतो आहे ते उमजेना. लोकांना वाटले, हृदयविकाराचा झटका आला. सुदैवाने एका महाविद्यालयीन मुलाने आपल्याजवळचे आंब्याचे गोड पेय त्यांना पाजले आणि दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले. घरी पोहोचल्यावर ग्लुकोमीटरने ७८ दाखवले. गोड पेय पोटात गेल्यानंतरची ही नोंद. त्याआधी शर्करा कुठवर उतरली असेल, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवायला लावते. त्या वेळी तुम्ही खाल्ले आहे की नाही, हे ती पाहत नाही. मी एका हाताने गोळी वाढवली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा संध्याकाळचा आहार काढून घेतला. ‘बंद’ हा शब्द लिहिताना ‘त्याऐवजी काय’ हे लिहायला हवे होते.

सँडविचचा हिशेब

मधुमेह्याच्या दृष्टीने सँडविचमध्ये नेमके काय असते, ते पाहू. ब्रेडचा एक नेहमीचा तुकडा साधारण २५ ते ३० ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात, म्हणजे १२ ते १५ ग्रॅम. ढोबळमानाने एका लहान फुलक्याइतकेच. मग फुलका चालतो आणि ब्रेड चालत नाही, असे का? मुख्य फरक शोषणाच्या वेगाचा आहे. ब्रेडचे पीठ अतिशय बारीक दळलेले असते आणि भाजताना तो फुगून सच्छिद्र होतो. त्यातील पिष्ट पाचकरसांच्या तावडीत चटकन सापडते आणि त्याची साखर झपाट्याने रक्तात उतरते. शिवाय फुलक्यासोबत भाजी, उसळ, वरण असते. ब्रेड मात्र पुष्कळदा चहात बुडवून नुसताच खाल्ला जातो.

आता आमच्या गृहस्थांचे सँडविच पाहा. दोन मोठे तुकडे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम पिष्टमय पदार्थ. आत उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, त्यांचे सुमारे १० ग्रॅम. वर सॉस, त्याच्या मोठ्या चमच्यात जवळजवळ एक लहान चमचा साखर असते. जोडीला दोन चमचे साखर घातलेला चहा. बेरीज ५० ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे तीन-चार फुलके एका बैठकीत आणि तेही भाजी-वरणाशिवाय! काकडी, टोमॅटो, कांदा, पुदिना-कोथिंबिरीची चटणी यांचा या बेरजेत फारसा वाटा नाही. बीट गोड म्हणून अनेक जण घाबरतात; पण दोन-तीन पातळ चकत्यांमध्ये पिष्ट व साखर मिळून दोन-तीन ग्रॅमच असते. म्हणजे दोष सगळ्या सँडविचचा नाही. बटाटा, सॉस आणि चहातली साखर एवढे काढले, तरी निम्म्याच्या आसपास भार कमी होतो.

ब्राउन ब्रेडचा भ्रम

‘आम्ही ब्राउन ब्रेडच खातो’ असे अभिमानाने सांगणारे खूप भेटतात. एक तर ब्रेडचा तपकिरी रंग कॅरॅमलसारख्या रंगद्रव्यानेही येऊ शकतो. म्हणून रंगावर न जाता वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले नाव ‘मैदा’ किंवा ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल, तर वेष्टनावर गव्हाच्या ओंब्यांचे चित्र असून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटेल. अन्न किती वेगाने रक्तशर्करा वाढवते, हे ग्लायसेमिक निर्देशांकावरून कळते. पांढऱ्या ब्रेडचा निर्देशांक ७५ च्या आसपास आहे आणि संपूर्ण गव्हाच्या ब्रेडचाही त्याच्या अगदी जवळ जातो. कारण गहू संपूर्ण असला, तरी पीठ बारीकच दळलेले असते. तंतुमय पदार्थ आणि जीवनसत्त्वे यांसाठी संपूर्ण गव्हाचा ब्रेड निश्चितच अधिक चांगला. पण तो आहे म्हणून दोनाचे चार तुकडे खाणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. ज्यात अख्खे किंवा भरडलेले दाणे दाताखाली येतात, असा दाट व जड ब्रेड तुलनेने सावकाश पचतो.

आतले सारण महत्त्वाचे

प्रथिने, तंतुमय पदार्थ आणि थोडे स्निग्ध पदार्थ यांच्यामुळे अन्न जठरातून हळू पुढे सरकते आणि साखरेची उसळी मंदावते. म्हणून ब्रेड कमी आणि सारण जास्त, हा सोपा नियम ध्यानात ठेवावा.

शाकाहारी मंडळींनी पनीर किसून त्यात कांदा, सिमला मिरची, मिरपूड घालावी. घरच्या दह्याचा चक्का बांधून त्यात किसलेली काकडी, गाजर मिसळले, तर लोण्याची आठवणही होत नाही. वाफवलेली मोडाची मटकी किंवा कुस्करलेले उकडलेले काबुली चणेही छान लागतात. अंडी खाणाऱ्यांसाठी दोन उकडलेली अंडी म्हणजे सुमारे १२ ग्रॅम उत्तम प्रथिने. मांसाहारींनी तंदुरी किंवा उकडलेल्या चिकनचे तुकडे घ्यावेत. लोणी साखर वाढवत नाही, म्हणून ते थापून घेणे मात्र योग्य नाही. मधुमेह्याच्या हृदयाचीही काळजी घ्यायची असते. तीन तुकड्यांचे, चीजने लडबडलेले सँडविच दोघांत वाटून खावे. आणखी एक युक्ती म्हणजे एकाच तुकड्यावर भरपूर सारण ठेवून उघडे सँडविच करणे.

सँडविचआधी काकडी-टोमॅटोची छोटी वाटी खावी, सोबत बिनसाखरेचा चहा किंवा ताक घ्यावे आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात. कचेरीपासून स्थानकापर्यंतची पायपीट हा मुंबईकराला आयता मिळालेला व्यायाम आहे.

आपल्या शरीरालाच विचारावे

एकच पदार्थ दोन माणसांत सारखी शर्करा वाढवत नाही. म्हणून ग्लुकोमीटरला साक्षीदार करावे. सँडविच खाण्यापूर्वी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा शर्करा तपासावी. दोन तासांनंतरचा आकडा १८० मिलिग्रॅमच्या आत राहावा, हे बहुतेक प्रौढ रुग्णांचे उद्दिष्ट असते. वयोवृद्ध, गर्भवती किंवा अन्य आजार असणाऱ्यांसाठी ते वेगळे असू शकते.

आमच्या गृहस्थांना मी हेच करायला सांगितले. गोळीची मात्रा आधी कमी केली. मग एक दिवस त्यांनी पूर्वीचेच सँडविच, गोड चहासह खाल्ले. दोन तासांनी २३६. दुसऱ्या दिवशी बटाटा व सॉस वगळून, बिनसाखरेच्या चहाबरोबर, १८२. तिसऱ्या दिवशी घरून नेलेले पनीरचे सँडविच आणि वर स्थानकापर्यंत चालत, १६१. तिन्ही आकडे कागदावर लिहून ते माझ्यासमोर बसले, तेव्हा मला काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

एक सावधगिरी

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी कोणताही खाण्याचा वेळ परस्पर रद्द करू नये आणि औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, गोंधळल्यासारखे होणे ही शर्करा घसरल्याची लक्षणे आहेत. ती ७० च्या खाली असेल, किंवा तपासण्याची सोय नसेल, तर तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून लगेच घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, शर्करा कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्यावी. बरे वाटल्यावर थोडे खावे. अशा वेळी अर्धे सँडविच अगदी योग्य! रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे आणि ब्रेडमधील मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

घरच्या मंडळींनाही एक विनंती. मधुमेही माणसाच्या ताटावर पहारा ठेवला, की तो चोरून खायला शिकतो. चोरून खाल्लेले डॉक्टरला कळत नाही आणि मग आम्ही गोळ्या वाढवत राहतो. त्यापेक्षा त्याच्यासोबत बसून एक बेताचे सँडविच खावे. आमच्या गृहस्थांच्या पत्नी आता आठवड्यातून तीन दिवस डब्यासोबत पनीरचे सँडविच बांधून देतात. उरलेल्या दोन दिवशी मूठभर फुटाणे आणि एक पेरू. सहा महिन्यांनी त्यांचे एचबीएवनसी ७.१ आले. चिठ्ठीच्या तळाशी मी अजूनही पथ्य लिहितो. फक्त ‘बंद’ लिहिण्याची वेळ आली, की त्यापुढे ‘त्याऐवजी’ असे लिहिल्याशिवाय चिठ्ठी हातात देत नाही.