कोवळा गळा आणि गुणांची पाटी

दूरचित्रवाणीवरील बालगायनस्पर्धांवर आम्ही टीका केली की कुमार गंधर्वांचे उदाहरण पुढे करण्यात येते. तेही बालपणीच मैफली गाजवीत नव्हते काय? गाजवीत होते. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाणाऱ्या त्या मुलाने १९३५ च्या सुमारास मुंबई जिंकली. परंतु टाळ्यांनी कुमार घडले नाहीत. प्रा. बी. आर. देवधरांनी त्यांस वर्षानुवर्षे शिकविले. पुढे क्षयाने ग्रासलेले कुमार १९४८ साली देवासास आले आणि सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडली. त्यांतूनच त्यांचे धुनउगम राग जन्मले.

२००८ साली ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ने मराठी घराघरांत पोहोचविलेल्या या प्रकारात मौनास जागा कोठे आहे? सतत नवे गाणे, परीक्षकांचे गुण, प्रेक्षकांची मते! तमिळ वाहिनीवर चित्रा यांच्यासारख्या थोर पार्श्वगायिका परीक्षक म्हणून बसल्या, तरी मूळ दोष जात नाही. नक्कल ही शिक्षणाची पहिली पायरी. तिलाच शिखर म्हणणे हा मुलांचा घात होय.

निदान आपल्या देवळांनी तरी हा खेळ मांडू नये. धार असो, देवास असो वा गोमंतक, नवरात्रात मुलांच्या स्पर्धा भरविण्याऐवजी त्यांना भजनात बसवावे, बुवांमागे सूर धरू द्यावा. तेथे चुकल्या सुराचे गुण कोणी कापीत नाही, आणि मूल न भिता शिकते.