पत्रा जुना, काच नवी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत मिळून काय बनत नाही? जीन्स शिवली जाते, फर्निचर ठोकलं जातं, एमआयडीसीत रसायनं तयार होतात, ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांसाठी लागणारं पितळ ओतलं जातं. होडी मात्र बनत नाही. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत-नेरळ करत बदलापूरला येते आणि पुढे कल्याणच्या खाडीला मिळते. तरी आपल्यासाठी ती नळाला पाणी देणारी आणि पावसाळ्यात बातमी देणारी नदी, एवढीच. तिच्यात कुणी उतरत नाही.

पूर्वी असं नव्हतं. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि पुढच्या दोन वर्षांत याच खाडीकाठी शिवाजी महाराजांची जहाजं बांधली जात होती. रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याचे कारागीर त्या कामावर होते. महाराजांचं आरमार आपल्याला डोईजड होईल, हे वसईच्या पोर्तुगीजांच्या ध्यानात आलं. त्यांनी या लोकांना फितवलं आणि कारागीर काम टाकून निघून गेले. आरमार त्यांच्याशिवाय उभं राहिलं, ही गोष्ट वेगळी. पण होडी बांधणं आणि दुरुस्त करणं हे हातातलं कसब आहे आणि ते हात गेले की नुसत्या लाकूड-लोखंडाचा उपयोग नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण, अंबरनाथला आमच्या ओळखीतल्या एका घराच्या अंगणात सध्या अॅल्युमिनियमची एक जुनी होडी उभी आहे. घर ऑर्डनन्समधून निवृत्त झालेल्या एका फिटरचं. वयाने आणि मानाने मोठे, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. मुंबईत दारूखान्याला, जिथे जहाजं तोडली जातात, तिथल्या भंगाराच्या ढिगात त्यांना ती दिसली. चौदा फुटी, रिव्हेट मारलेली, उघडी होडी. पुढच्या बाजूला तीन तुकड्यांची विंडशील्ड. मधला तुकडा तडकलेला, कडेचे दोन पिवळे पडून आंधळे झालेले.

होडी टेम्पोतून उतरली आणि पाठोपाठ भंगारवाला हजर झाला. अॅल्युमिनियमला भाव चांगला आहे, लगेच वजन करून पैसे देतो म्हणाला. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. जुनं अॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला जी ऊर्जा लागते, ती खनिजापासून नवा धातू काढायला लागणाऱ्या ऊर्जेच्या जेमतेम पाच टक्के. पर्यावरणाची चिंता असणाऱ्यालाही होडी भट्टीत टाकायला हरकत वाटू नये. पण तराजूत पत्र्याचं वजन येतं, आकार येत नाही. सपाट पत्र्याला पाणी कापणारी धार द्यायला, शेकडो रिव्हेट एका रेषेत बसवायला कुणीतरी जे काम केलं, त्याची किंमत भट्टीत शून्य होते. मामांनी भंगारवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

असल्या होड्यांचं कूळ विमानाचं आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेत लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने, पुढे विमानांची मागणी घटणार हे ओळखून, त्याच पत्र्यापासून आणि त्याच रिव्हेटच्या तंत्राने छोट्या कनू बनवायला घेतल्या. लाकडी नाव सुकते, फुगते, तिला कीड लागते. अॅल्युमिनियमला यातलं काही नाही. शिवाय वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पत्रा टिकतो. दगा देतात ते जोड. रिव्हेट सैल होतात, मागच्या इंजिनपाटीतलं लाकूड कुजतं, रबर कडक होतं, काच आंधळी होते.

गळती शोधायची मामांची पद्धत उलटी होती. होडी पाण्यात सोडायची नाही, पाणी होडीत सोडायचं. तिला खालून भक्कम टेकू दिले आणि आत वीतभर पाणी भरलं. जास्त नाही, कारण घनमीटरभर पाणी म्हणजे एक टन आणि जमिनीवर तेवढा भार झेलायला होडी बनलेली नसते. मग खाली आडवं होऊन, जिथे जिथे थेंब जमेल तिथे मार्करने गोल. सैल रिव्हेट दोघांनी मिळून आवळायचे: बाहेरून एकाने हातोडी मारायची, आतून दुसऱ्याने पोलादाची जड डॉली दाबून धरायची. अगदीच झिजलेला असेल तर काढून एक नंबर मोठा घालायचा. बाजारात सहज मिळणारे पॉप रिव्हेट पोकळ असतात, त्यांच्या पोटातून पाणी येतं. ते मामांनी हातात घेऊन पाहिले आणि ठेवून दिले. ऑर्डनन्समधले त्यांचे एक जुने सोबती डॉली धरायला यायचे. दोघांत बोलणं होत नसे. एक ठोका म्हणजे मार, दोन ठोके म्हणजे झालं.

अॅल्युमिनियमला गंज लागत नाही, हे अर्धसत्य आहे. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. पण ओलाव्यात तांब्याशी किंवा साध्या लोखंडाशी गाठ पडली की पत्रा आपणच झिजायला लागतो. तळाशी विसरलेला तांब्याचा एक तुकडाही कालांतराने भोक पाडू शकतो. म्हणून होडी घासायला लोखंडी तारेचा ब्रश नाही, बुडाला तांबंयुक्त रंग नाही, स्टेनलेसच्या बोल्टखाली नायलॉनचा वॉशर आणि कुजलेल्या पाटीच्या जागी बसवलेल्या मरीन प्लायला चहूबाजूंनी इपॉक्सी. घासून झालं की ऑक्साइड पुन्हा जाड होण्याआधी वॉश प्रायमर मारायचा, मग रंग. तो संरक्षक थर पाण्याचा पीएच साधारण चार ते साडेआठच्या दरम्यान असेल तोवरच टिकतो. कडक आम्ल किंवा अल्कली आलं की विरघळतो. मामांच्या घरापासून सर्वांत जवळचं वाहतं पाणी वालधुनीचं. तिच्या काठी १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे आणि तिच्यात काय काय सोडलं जातं, ते अंबरनाथ-उल्हासनगरच्या लोकांना सांगायला नको. होडी तिथे उतरवणार का, असं एका शेजाऱ्याने गमतीत विचारलं. मामांनी हे पीएचचं गणित त्याला गंभीरपणे समजावून सांगितलं.

विंडशील्डसाठी आम्ही उल्हासनगर गाठलं. इथल्या दुकानदाराला कुठलीही वस्तू दाखवा, उत्तर ठरलेलं: ‘हो जाएगा, साईं.’ फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आलेल्या लोकांनी वसवलेलं हे शहर. हाताशी जे होतं त्यातून काहीतरी बनवायचं आणि विकायचं, यावरच ते उभं राहिलं. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्याकडे अॅक्रिलिकचे पत्रे असतात, म्हणून आधी तिकडे गेलो. तो म्हणाला, जुनी फ्रेम फेकून द्या, नवी चकाचक करून देतो, काचही तिच्याबरोबर. मामांचा आग्रह मात्र जुनी फ्रेमच ठेवायचा. फ्रेमचा अॅल्युमिनियम सेक्शन शाबूत होता. गेलं होतं ते रबर आणि अॅक्रिलिक.

काच घालावी की प्लास्टिक, यावर बराच खल झाला. टफन्ड काच मजबूत, पण एकदा टफन केली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. मापात मिलिमीटरचा फरक पडला तर ती फुकट. पॉलिकार्बोनेटवर हातोडी मारली तरी फुटत नाही, मात्र त्यावर चरे लवकर पडतात आणि वर संरक्षक थर नसेल तर उन्हात ते पिवळं होतं. अॅक्रिलिक या दोहोंच्या मधलं: ऊन सोसतं, पॉलिश करून चकाकी परत आणता येते, फक्त ठोक्याने तडकतं. नदीवरच्या संथ होडीला तेच पुरे, असं ठरलं. सहा मिलिमीटरचं, ओतीव.

माप जुन्या तुकड्यांवरून घ्यायचं नाही, हा मामांचा नियम. इतक्या वर्षांत फ्रेम थोडी वाकलेली असते, तुकडा आक्रसलेला असतो. त्यांनी फ्रेममध्येच हार्डबोर्ड बसवून, तासून, तिन्ही खणांचे साचे काढले. बोर्डवाल्याने लेझरवर कापून द्यायची तयारी दाखवली. लेझरने कड आरशासारखी दिसते, पण उष्णतेचा ताण कडेत राहतो आणि पुढे थिनर किंवा तसलं काही लागलं की तिथून बारीक तडे सुटतात. म्हणून करवतीने कापून घेतलं आणि कडा पॉलिश पेपरने हाताने साफ केल्या. भोकं पाडतानाही तेच. धातूचं धारदार ड्रिल अॅक्रिलिकमध्ये एकदम घुसतं आणि तडा देतं. मामांनी ड्रिलच्या टोकाची धार मुद्दाम मारली, खाली लाकूड धरलं आणि हळूहळू फिरवलं.

भोकं स्क्रूपेक्षा मोठी का, असं दुकानातल्या पोऱ्याने विचारलं. त्याचं उत्तर हिशेबाचं आहे. अॅक्रिलिक तापल्यावर अॅल्युमिनियमच्या तिप्पट फुगतं. पहाटेपासून दुपारपर्यंत तापमान तीस अंशांनी चढलं, तर मीटरभर अॅक्रिलिक दोन मिलिमीटर वाढतं आणि फ्रेम पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. ही तफावत सामावायला जागा ठेवली नाही तर काच स्वतःच स्वतःला फोडते. म्हणून भोकं ढिली, कडेला मऊ रबर आणि स्क्रू बोटाने आवळल्याइतकेच. फटीत भरायचं सिलिकॉनही आंबट वास येणारं नको. त्यातलं आम्ल धातूला आणि प्लास्टिकला दोन्हींनाही बाधतं. न्यूट्रल मागून घ्यायचं. पुसायला काच पुसायचा फवारा नाही, साबणाचं पाणी आणि सुती फडकं.

हा खटाटोप कशासाठी, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर २७ जुलै २०१९ च्या पहाटेचं आहे. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, चामटोलीजवळ, महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत हजाराहून जास्त माणसं. एनडीआरएफच्या रबरी होड्या आल्या, नौदल आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, आसपासच्या गावांतले लोक धावले आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. कौतुकच करावं अशी कामगिरी. पण मदत पोहोचेपर्यंतचे तास प्रवाशांनी डब्यातच काढले. नदीकाठच्या शहरांकडे स्वतःच्या, सांभाळलेल्या, चालवता येणाऱ्या चार होड्या असाव्यात, ही मागणी फार मोठी नाही.

नुसती होडी असूनही भागत नाही. त्याच वर्षी ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी होडी उलटली आणि अनेक जीव गेले. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. संकटाच्या दिवशी होडी बाहेर काढायची, तर बाकीच्या दिवशी तिचे रिव्हेट कुणीतरी तपासलेले हवेत, किती माणसं बसवायची ते कुणीतरी ठरवलेलं हवं. खरेदीचा फोटो पेपरात येतो, देखभालीचा येत नाही. देखभालीला लागणारी माणसं मात्र आपल्याच गल्लीत आहेत: डॉली धरणारे निवृत्त फिटर, अॅक्रिलिक कापणारे बोर्डवाले, स्लायडिंग खिडक्या बसवणारी पोरं. त्यांना एकमेकांचा पत्ता नाही, एवढंच.

मामांची होडी आता रंगून, काच बसून तयार आहे. इंजिन लावायचं तर आधी नोंदणीचे सोपस्कार आहेत. मामांना त्याची घाई नाही. त्यांनी वल्ही आणून ठेवली आहेत आणि आमच्यापैकी ज्यांना होडीत बसायची हौस आहे त्यांच्यासाठी एक अट घातली आहे: आधी लाइफ जॅकेट घालून तरण तलावात उडी मारून दाखवायची. हौशी लोकांची यादी त्या दिवसापासून निम्म्यावर आली आहे.