ब्याण्णव टक्के कशाचे?

दिवाणी दाव्यात दाखल झालेला एक खासगी अहवाल परवा पाहण्यात आला. वाद मृत्युपत्रावरच्या सहीचा. वादग्रस्त सही आणि तीन कबूल सह्या शेजारी शेजारी छापलेल्या, खाली हिरव्या चौकटीत सॉफ्टवेअरचा शेरा: ‘जुळणी ९२ टक्के’. त्याखाली परीक्षकाचा एका ओळीचा निष्कर्ष: सही अस्सल. ब्याण्णव टक्के कशाचे, हे अहवालभर कुठे नव्हते.

बँकेच्या काउंटरमागे असा आकडा चालून जातो. सही जुळली नाही तर चेक परत, फार तर खातेदार चिडून येईल. न्यायालयाचा प्रश्न वेगळा. त्याच माणसाच्या दोन अस्सल सह्यांत एवढी जुळणी किती वेळा दिसते आणि दुसऱ्याने सराव करून मारलेल्या सहीत किती वेळा? समजा, अस्सल जोड्यांत शंभरातल्या ६० या ब्याण्णवच्या पट्ट्यात पडतात आणि नकली जोड्यांत शंभरातल्या ३. मग पुराव्याचे वजन अस्सलकडे वीसपट. दोन्हीकडे साठच पडत असतील तर वजन काहीच नाही. आणि वीसपट म्हणजे ‘सही अस्सल असण्याची शक्यता वीसपट’ असेही नव्हे; ते बाकीचा पुरावा पाहून न्यायाधीशांनी ठरवायचे. २०११ साली बीजिंगच्या आयसीडीएआर या दस्तऐवज-विश्लेषणाच्या परिषदेतल्या स्पर्धेत डच आणि चिनी सह्या देऊन प्रणालींकडून हेच गुणोत्तर मागितले होते. म्हणजे मागणी काही कालची नाही.

जास्त जुळणी म्हणजे जास्त अस्सल, हा समज तर त्याहून जुना आणि त्याहून घातक. अमेरिकेतल्या हाउलंड मृत्युपत्राच्या खटल्यात (निकाल १८६८) संशय आला तो सह्या फारच जुळल्या म्हणून. गणिती बेंजामिन पर्स यांनी ४२ सह्यांच्या जोड्या लावून खाली येणाऱ्या ३० रेघा तपासल्या आणि सगळ्या योगायोगाने जुळण्याची शक्यता पाचाच्या तिसाव्या घातात एक, असे सांगितले. रेघा एकमेकींपासून स्वतंत्र मानणे ही त्यांची चूकच. पण सही गिरवली गेली असावी ही शंका रास्त होती. आपल्या हिरव्या चौकटीने त्या सहीला शंभर टक्के दिले असते!

उलट बाजूही आहे. नंतर ‘ही माझी नव्हेच’ म्हणता यावे म्हणून माणूस स्वतःचीच सही वाकडी करतो. २०१० साली कोलकात्याच्या परिषदेतल्या स्पर्धेत अशा सह्या मुद्दाम मिसळल्या होत्या. वेगळी दिसली म्हणून नकली ठरवणाऱ्या यंत्राची इथे गोची होते. परीक्षक भिंगाखाली रेघ पाहतो: वेग टिकून आहे का, पेन कुठे उचलले, बॉलपेनची शाई वळणानंतर कुठे गोळा झाली, कंप म्हातारपणाचा की गिरवणाऱ्याचा. झेरॉक्सवरून काढलेल्या स्कॅनमध्ये यातले बरेचसे उरतच नाही.

देवनागरी सहीची गोष्ट आणखी वेगळी. कोणी शिरोरेषा शेवटी एका फटक्यात ओढतो, कोणी तोडून देतो, कोणी देतच नाही. ही हाताची सवय आहे, पण ती ओळखायला यंत्राने मराठी सह्या पाहिलेल्या हव्यात. बीएचसिग२६० या संचात बंगाली आणि हिंदी सह्या आहेत: १०० आणि १६० व्यक्तींच्या, प्रत्येकाच्या २४ अस्सल, ३० नकली. हिंदी संचावर शिकलेले यंत्र सातारच्या शेतकऱ्याच्या सहीवर कसे वागेल, हे चाचणीविना कोणी सांगू नये.

भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ तज्ज्ञाच्या मताला जागा देते आणि कलम ७२ न्यायालयाला स्वतः सह्या ताडून पाहू देते. उलटतपासणीत उभे राहायचे ते आपल्या परीक्षकांना, सॉफ्टवेअरला नाही. तेव्हा सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण अहवालात त्याची आवृत्ती, ते कोणत्या सह्यांवर तपासले आणि तुमच्या नमुन्यांवर कुठे चुकले, हे लिहा. ते लिहिता येत नसेल तर चौकट छापू नका.