घरभेट हे जास्तीचे काम नव्हे

आम्हा सेमिनरीतल्या मुलांमध्ये सध्या एक मत मूळ धरते आहे आणि ते मला घातक वाटते. धर्मगुरूने मिस्सा मन लावून अर्पावी, प्रवचनाची तयारी करावी, पापनिवेदनाला बसावे. घरोघर जाणे ही जुन्या गावातली रीत, आता तिला वेळ नाही आणि लोकांनाही ती नको, असे हे मत. ते मांडणारे माझे मित्र प्रार्थनाशील आहेत, म्हणूनच त्याचा प्रतिवाद करायला हवा.

त्यांना वाटते की परंपरा त्यांच्या बाजूने आहे. पण सेमिनरी स्थापन करण्याचा आदेश ट्रेंट धर्मपरिषदेच्या ज्या सत्रात, जुलै १५६३ मध्ये, निघाला, त्याच सत्राने आत्म्यांची जबाबदारी घेतलेल्यांनी आपल्या माणसांतच राहिले पाहिजे, असेही बजावले. दोन्ही आदेश एकाच चिंतेतून आले होते. १९८३च्या कॅनन लॉचे ५२९वे कलम तर पॅरिश प्रीस्टने कुटुंबांना भेट द्यावी, त्यांच्या काळज्या आणि दुःखे वाटून घ्यावीत, असे स्पष्ट सांगते. हे सवडीने करायचे काम म्हणून सांगितलेले नाही.

यावर आर्सच्या संत जाँ-मारी व्हियान्नेंचे उदाहरण दिले जाते. ते दिवसदिवस पापनिवेदनाच्या कोठडीत बसत, घरी कुठे जात? उदाहरण अर्धेच सांगितले जाते. लॅटिन जमत नाही म्हणून सेमिनरीतून परत पाठवलेला हा माणूस १८१८ मध्ये जेमतेम अडीचशे वस्तीच्या त्या खेड्यात आला, तेव्हा कोठडीपुढे रांग नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत ते घरोघर जात होते. दूरदूरची गर्दी नंतर आली. एकांताच्या ओढीने त्यांनी एकाहून अधिक वेळा आर्स सोडून जाण्याचाही प्रयत्न केला, पण ते परतले आणि १८५९ मध्ये तिथेच वारले. १९२९ मध्ये त्यांना जगभरच्या पॅरिश प्रीस्टांचे आश्रयदाते घोषित करण्यात आले.

ज्याला संसार नाही त्याला घरातले काय कळणार, हा आक्षेप बाहेरून येतो. मला तो उलट घरभेटीच्या बाजूचा वाटतो. संसार नसलेल्याला संसार कळण्याची दुसरी वाट कोणती? ब्रह्मचर्याने मोकळा झालेला वेळ लोकांसाठी खर्चला नाही, तर ते निव्वळ एकट्याचे सुखवस्तू जगणे होते.

सर्वात जास्त नुकसान आजारी माणसाचे होते. घरी ख्रिस्तशरीर नेण्याचे काम नेमलेले प्रापंचिकही करतात, पण रुग्णाभ्यंग फक्त धर्मगुरूच देऊ शकतो. हा संस्कार केवळ मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगूनही घरचे लोक अजून शेवटच्या क्षणापर्यंत थांबतात, कारण फादर आले की आजारी माणूस धास्तावतो. का धास्तावणार नाही? त्या पायरीवर फादर पहिल्यांदाच चढलेले असतात, तेही तेलाची कुपी घेऊन. एरवी सणाला, परीक्षेच्या काळात, भांडण झाल्यावर येऊन गेलेला माणूस तेल घेऊन आला, तर भीती कमी वाटते.

वसईच्या गावांत फादरांना निदान रस्त्यात लोक भेटतात. नालासोपारा-विरारच्या इमारतींत केरळ, गोवा, मंगळूरहून आलेली कुटुंबे शेजाऱ्यांनाही ओळखत नाहीत. लोकांना भेट नको, हे आपण त्यांना विचारून ठरवले आहे का?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांनंतर घरात जाणाऱ्या धर्मगुरूकडे संशयाने पाहिले जाते. तो संशय आपणच ओढवून घेतला आहे. त्यामुळे आधी कळवून जावे, कुटुंब घरात असताना जावे, मुलांशी एकांत टाळावा. नियम कडक असावेत, पण नियमांच्या नावाखाली जाणेच बंद करू नये.

राहिला वेळ. हिशेबासाठी अर्थसमिती कॅनन लॉनेच सक्तीची केली आहे. तिच्यावर विश्वास टाकला तर कार्यालयातले तास सुटतात. समजा, धर्मग्रामात आठशे कुटुंबे आणि दोन धर्मगुरू आहेत. प्रत्येकाने आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी पाच घरे केली, तर वीस आठवड्यांत सगळी घरे होतात. उपवासकाळ, सण, लग्नसराई आणि पावसाळा यांना बत्तीस आठवडे उरतात.