चावण्याआधी बोला

शेजारपाजार

‘अहो, काही करत नाही तो!’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या शहरांत सापडणं कठीण. कुत्रा दात दाखवत असतो, साखळी ताणलेली असते, समोरची बाई जिन्याच्या भिंतीला चिकटून उभी असते आणि मालक मात्र हसतमुखाने ग्वाही देत असतो. मालक खोटं बोलत नसतो. घरात तो कुत्रा खरोखरच काही करत नाही. नातवंडं त्याच्या अंगावर लोळतात, तो आजोबांच्या पायाशी झोपतो. पण कुत्र्याचं घरातलं वागणं आणि जिन्यातलं वागणं एकच असेल याची हमी कोणालाही देता येत नाही. ती दिली जाते आणि शेजारी भिडेखातर ती मान्य करतात, तिथेच पुढच्या अपघाताची सुरुवात होते.

गळती, पार्किंग, पाण्याची वेळ अशा भांडणांवर या सदरात अनेकदा लिहिलं आहे. ती भांडणं वर्षानुवर्षं चालतात, मनं आंबतात, पण सहसा कोणाचं रक्त सांडत नाही. आक्रमक कुत्र्याच्या बाबतीत माणसाचं अंग पणाला लागलेलं असतं, आणि नेमकं याच बाबतीत आपण सगळ्यात जास्त गप्प बसतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे भटक्या कुत्र्यांवर देशभर वाद झडले. ते कुत्रे कोणाचेच नसल्यामुळे तो प्रश्न अवघड आहे. पाळलेल्या कुत्र्याला मालक असतो, पत्ता असतो. जबाबदार माणूस समोरच्याच दारात राहतो. तरीही आपण त्याची बेल वाजवत नाही.

बेल वाजवण्याऐवजी आपण काय करतो? लिफ्ट सोडून जिन्याने जातो. कुत्रा फिरायला निघण्याची वेळ पाठ करतो आणि त्या वेळी घरातच थांबतो. मुलांना दुसऱ्या गेटने खेळायला पाठवतो. आईचं संध्याकाळचं फिरणं बंद होतं. एका कुत्र्याभोवती अख्ख्या मजल्याचं वेळापत्रक बदलतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग एके दिवशी तो चावतो. त्या रात्रीच्या सभेत सगळ्यांचा साचलेला राग बाहेर पडतो आणि मागणी एकच होते : कुत्रा सोसायटीतून हाकला. दोन वर्षं शब्दही न काढणारी माणसं एका रात्रीत सगळ्यात टोकाची गोष्ट मागतात. कायदा ती देत नाही. मग सगळे चडफडत घरी जातात.

माझं म्हणणं साधं आहे. तक्रार कुत्रा गुरगुरतो तेव्हाच करायची. आणि तक्रारीत कुत्र्याची हकालपट्टी मागायची नाही, मालकाकडून बंदोबस्त मागायचा.

उशीर झाला की काय होतं, याची दोन उदाहरणं मुंबईतच आहेत. नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावे घेतले. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली २०२३ मध्ये. वरळीत २०१८ साली एक गृहस्थ आपल्या छोट्या मुलासह लिफ्टमध्ये होते. मूल कुत्र्याला घाबरतं, जरा थांबा, अशी विनंती त्यांनी केली. मालकाने ती न ऐकता आपल्या हस्कीला लिफ्टमध्ये ओढलं आणि त्या कुत्र्याने शेजाऱ्याच्या हाताचा चावा घेतला. मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली गेली ती मे २०२५ मध्ये. न्याय मिळाला, पण एकाला तेरा वर्षांनी आणि दुसऱ्याला सात वर्षांनी.

वरळीच्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती न्यायालयाने सीसीटीव्ही चित्रण पाहून नोंदवलेली गोष्ट : कुत्र्याला ओढून आत आणलं होतं, म्हणजे मालकाला आपल्या प्राण्याचीही कणव नव्हती. त्या लिफ्टमध्ये मुलालाही कुत्रा नको होता आणि कुत्र्यालाही लिफ्ट नको होती. दोघांनीही आपापल्या परीने तसं सांगितलं होतं. ऐकलं नाही ते एका माणसाने.

कुत्रा सहसा आधी सांगतो. अंग ताठ होतं, एका जागी थिजतं. तोंड गच्च मिटतं, ओठ वर सरकतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. खाणं समोर नसताना तो जीभ ओठांवरून फिरवतो, झोप नसताना जांभया देतो. शेपटी हलते आहे म्हणजे तो खूश आहे, असंही नाही. उंच, ताठ, भरभर हलणारी शेपटी हा इशारा असू शकतो. त्यानंतर गुरगुरणं येतं. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही आपली म्हण माणसांच्या बाबतीत कितीही खरी असो, कुत्र्यांच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. आणि गुरगुरला म्हणून त्याला फटका मारणं तर त्याहून वाईट. त्याने भीती जात नाही, फक्त इशारा देणं बंद होतं. पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो.

बहुतेक वेळा या आक्रमकपणाच्या मुळाशी भीती असते. पिल्लाचे साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस जगाची ओळख होण्याचे असतात. त्या काळात अनोळखी माणसं, मुलं, छत्र्या, हेल्मेट, लिफ्टचा आवाज यांच्याशी त्याची ओळख झाली नाही, तर पुढे ही प्रत्येक गोष्ट त्याला संकट वाटते. म्हणूनच आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. आईपाशी आणि भावंडांत घालवलेले ते आठवडे कुत्र्याला किती जोरात चावायचं नाही हे शिकवतात. त्यात आपण मोठ्या ताकदीचा, दिवसभर धावायला जन्मलेला कुत्रा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणतो आणि गॅलरीत बांधून कामाला जातो. अरुंद जिना आणि बंद लिफ्ट या जागा तर त्याच्यासाठी सगळ्यात वाईट, कारण तिथून त्याला मागे सरता येत नाही. पळायची वाट नसलेला भेदरलेला प्राणी हल्लाच करणार. कधी कारण दुखण्याचंही असतं. शांत कुत्रा अचानक चिडका झाला, तर आधी कान, दात, सांधे पशुवैद्याला दाखवावेत.

यात जातीचा दोष किती? मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींवर बंदी घालणारं परिपत्रक काढलं. महिन्याभरातच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणंच ऐकलं गेलं नव्हतं. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर जखम मोठी होते, हे उघड आहे. पण मालक तोच राहिला, तर जात बदलून फारसा फरक पडत नाही.

आता थोडं त्यांच्याविषयी, ज्यांना सभेत बोलण्याचा हक्कच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पनवेलच्या एका गृहसंकुलात लिफ्टच्या दारात जर्मन शेफर्डने जेवण पोचवायला आलेल्या माणसाचा चावा घेतला. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादला असाच एक तेवीस वर्षांचा तरुण कुत्रा अंगावर आल्यावर जीव वाचवायला धावला, तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि मेला. कामाच्या मावशी, वॉचमन, दूधवाला, कचरा नेणारी बाई, पार्सल आणणारी मुलं रोज आठ-दहा दारांत जातात. दार उघडण्याआधी कुत्रा बांधा, एवढंही सांगायची त्यांना चोरी असते, कारण काम जाईल. कमिटीने सगळ्यात आधी या लोकांना विचारावं. कोणता कुत्रा कोणावर धावतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

मग करायचं काय? पहिली पायरी बोलण्याची. कुत्रा समोर असताना, लिफ्टच्या दारात, तावातावाने बोलू नये. त्यातून फक्त भांडण होतं आणि कुत्रा आणखी बिथरतो. निवांत वेळी घरी जावं आणि नेमकं सांगावं : काल सकाळी सातला, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, साखळी नसताना तो आईच्या अंगावर आला. ‘तुमचा कुत्रा फार डेंजर आहे’ हे मत झालं, त्यावर वाद घालता येतो. तारीख, वेळ, जागा सांगितली की वाद घालणं अवघड होतं. त्याच वेळी मागणीही नेमकी करावी : सामाईक जागेत आखूड साखळी, ती धरणारा हात सज्ञान आणि ताकदीचा, लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल तर पुढची लिफ्ट, आणि घराच्या दाराला आतून जाळी.

दुसरी पायरी लेखी. सेक्रेटरीच्या नावे साधा अर्ज, दुसऱ्या प्रतीवर पोच. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून त्या घटनेचा भाग जपून ठेवा असं अर्जातच लिहावं. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला कमिटीने मागून घ्यावा. सोसायटी काय करू शकत नाही, हेही समजून घ्यायला हवं. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, सरसकट सगळ्यांना मुखजाळीची सक्तीही करता येत नाही. पण त्याच सूचना बेफिकीर मालकाला कायद्याची आठवण करून देतात.

तो कायदा म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘चावला नाही ना, मग कसली तक्रार’ असं कोणी म्हटलं, तर हे कलम पुन्हा वाचून दाखवावं. त्यात चाव्याची अट नाही. बेफिकिरी हाच गुन्हा आहे, आणि तो दखलपात्र आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्यातही हिंस्र कुत्रा मुखजाळीविना मोकळा सोडण्याला मनाई आहे. शेजाऱ्याने बोलून ऐकलं नाही, अर्जाने ऐकलं नाही, तर पोलीस ठाण्यात जाण्यात काहीही वावगं नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. विष घालणं, गरम पाणी फेकणं, काठीने झोडपणं. प्राण्याला मारणं, विष देणं किंवा जायबंदी करणं याला संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायद्याचा धाक नसता तरी ते करू नये. त्या कुत्र्याने स्वतःचं घर, स्वतःचा मालक किंवा स्वतःची गॅलरी निवडलेली नाही.

मालकांनाही कळकळीने सांगायचं आहे. मुखजाळी म्हणजे शिक्षा नव्हे. तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल अशी टोपलीसारखी जाळी घ्या, खाऊ देत देत काही दिवसांत सवय लावा. आपल्या उन्हात तोंड आवळणारा कापडी पट्टा वापरू नका. लांब-आखूड होणारी दोरी इमारतीत कामाची नाही. मारून वठणीवर आणतो म्हणणाऱ्या प्रशिक्षकाकडे कुत्रा देऊ नका. ज्या गोष्टीची त्याला भीती वाटते ती दुरून, हळूहळू, खाऊच्या सोबतीने ओळखीची करून देणारा माणूस शोधा. आणि त्याला रोज नीट फिरवा. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं ही प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार १९६० पासून क्रूरताच आहे.

तरीही कुत्रा अंगावर आलाच, तर पळू नये, किंचाळू नये, डोळ्याला डोळा भिडवू नये. हात अंगाशी घेऊन स्थिर उभं राहावं, पिशवी किंवा छत्री मध्ये धरावी. पडलात तर अंग मुडपून मान आणि कान झाकावेत. चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून स्वतःच निर्णय घेऊ नये, तो डॉक्टरांना घेऊ द्यावा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली, आणि खोल जखमेत सोबत इम्युनोग्लोब्युलिन दिलं, तर हा आजार टळतो. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

तुमच्या मजल्यावर असा कुत्रा असेल, तर हा आठवडा संपण्याआधी मालकाशी बोला. फरक पडला नाही, तर चार ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमच्याच घरात असा कुत्रा असेल, तर शेजाऱ्याच्या अर्जाची वाट पाहू नका. आजच आखूड साखळी आणा आणि पशुवैद्याची वेळ घ्या.