ऊस आपला, इथेनॉल आपलं. मग जुन्या गाडीचा भुर्दंड एकट्या मालकाला का?

शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात वडिलांनी २००५ साली घेतलेली कार उभी असते. आठवडाभर हलवली नाही की सकाळी लवकर सुरू होत नाही. "विकून टाका," हा सल्ला लगेच मिळतो. पण दोष दरवेळी गाडीचाच नसतो.

नेमकं काय होतं?
पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. टाकीतली जुनी घाण सुटून फिल्टरमध्ये अडकू शकते. जुने रबरी पाइप, गॅस्केट लवकर खराब होतात. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं आहे.

काय कराल?
• सेल्फ मारल्यावर नुसता 'टक' आवाज आला, तर आधी बॅटरीचे टर्मिनल बघा.
• इंजिन फिरतंय पण सुरू होत नाही? प्लग आणि पेट्रोल फिल्टर तपासून घ्या.
• पेट्रोलचा वास आला, तर सेल्फ मारूच नका. मेकॅनिकला बोलवा.
• आठवड्यातून एकदा तरी रंकाळ्यापर्यंत चक्कर मारा.

माझं मत
इथेनॉलमुळे साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना आधार मिळतो, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. पण २० वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणासाठी १० हजार रुपये घेणाऱ्या सरकारने त्याच कारला चालेल असं कमी इथेनॉलचं पेट्रोलही परवडणाऱ्या दरात द्यावं. जुनी गाडी ही हौस नाही. अनेक घरांत तीच एकमेव गाडी आहे.